जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या प्रवेशदाराची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दार नीट लागत नाही. दोष दारातच आहे, हे कसे ओळखावे?

दोष बहुतेक वेळा दारात नसतो. पन्नास-साठ वर्षे रस्त्यावर हादरे खाल्लेल्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे मोटारीमागे ओढून नेण्याच्या चाकांवरच्या घरात, तळाची फळी, तिच्याखालचे आडवे दांडे आणि दाराची चौकट हळूहळू जागा सोडतात, आणि त्याचे पहिले लक्षण दारावर दिसते, कारण आखीव मापात बसणारी तेवढी एकच मोठी वस्तू तिथे असते. त्यामुळे रंधा किंवा पाना हातात घेण्याआधी ट्रेलर समपातळीवर आणावा. त्यासाठी जॅक मुख्य लोखंडी चौकटीखाली लावावा. कोपऱ्यांतले आधाराचे पाय ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर भार दिल्यास सांगाडा आणखी पिळतो आणि आपण चुकीच्या मापावर काम सुरू करतो.

पाणसळीने दाराजवळचा तळ तपासल्यानंतर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. कोपऱ्यांना गोलाई असेल, तर गोलाई जिथे सुरू होते त्या बिंदूंपासून माप घ्यावे. कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. चार-पाच मिलिमीटरहून अधिक फरक आला तर चौकट तिरकी झाली आहे. याच पद्धतीने दाराचेही कर्ण मोजावेत. दार गुण्यात आणि चौकट तिरकी असे आढळल्यास दाराला हात लावू नये.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्याच ट्रेलरचे दार कुलपाच्या बाजूने वर घासत होते, म्हणून मी ती कड सरळ रंध्याने उतरवली आणि दार झकास लागू लागले. पुढे उंबरठ्याखालचा कुजलेला दांडा बदलला, चौकट आपल्या मूळ जागी आली आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट पडली. जे लाकूड तासून फेकले होते, तेवढ्याच जाडीची पट्टी पुन्हा चिकटवावी लागली.

रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरलाही हेच लागू आहे का?

होय. मात्र तिथे बिघाडाची जागा वेगळी असते. जुन्या ट्रेलरचे बांधणीनुसार दोन ढोबळ प्रकार पडतात. शास्टासारख्या अमेरिकी बनावटीच्या ट्रेलरमध्ये लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा ठोकलेला असतो. एअरस्ट्रीम किंवा विमान बनवणाऱ्या कंपनीने बांधलेले स्पार्टन यांत, विमानाच्या धडाप्रमाणे, ॲल्युमिनियमच्या बरगड्यांवर पत्रा रिव्हेटने, म्हणजे टोक ठोकून पसरवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडून कवच तयार केलेले असते. दुसऱ्या प्रकारात मागच्या टोकाला कवच आणि लोखंडी चौकट यांचा सांधा गंजून सुटतो, चौकट मागे झुकते आणि त्याचा ताण दाराच्या वरच्या कोपऱ्यांत उमटतो. एकाने मागच्या बंपरवर पाय देऊन हलका दाब द्यावा आणि दुसऱ्याने कवचाच्या खालच्या कडेकडे पाहावे. बंपर खाली जातो आणि कवच जागेवरच राहते असे दिसल्यास दाराचे काम बाजूला ठेवून आधी तो सांधा दुरुस्त करावा.

दार काढून दुरुस्त करावे की जागेवरच?

कडी, कुलूप, रबरी पट्टी आणि लहानसहान पोचे ही कामे जागेवर होतात. सांगाड्याला किंवा पत्र्याला हात घालायचा असेल तर दार काढून सपाट टेबलावर घ्यावे.

काढण्यापूर्वी अर्धा तास नोंदींसाठी द्यावा. दाराभोवती कागदी चिकटपट्टी लावून आठ-दहा ठिकाणी फटीचे माप तिच्यावरच पेन्सिलीने लिहावे. बाजूची भिंत गोलाकार असेल तर जाड पुठ्ठ्याचा साचा कापून तो दाराच्या नव्हे, तर शेजारच्या भिंतीच्या वक्राशी जुळवून ठेवावा, कारण दाराचा वक्र बिघडलेला असू शकतो आणि भिंतीचा सहसा बिघडत नाही. बिजागऱ्यांच्या खिळ्या एकसारख्या दिसल्या तरी प्रत्येक आपापल्या जागी झिजलेली असते, म्हणून त्यांवर वरची, मधली, खालची अशी खूण करावी. खिळी काढताना दुसऱ्या माणसाने दार तोलून धरलेच पाहिजे. दार काढल्यावर मोकळ्या चौकटीत एक तिरकी पट्टी ठोकून तिचा आकार बांधून ठेवावा. या अवस्थेत ट्रेलर ओढून नेऊ नये.

त्यापेक्षा दुसऱ्या ट्रेलरचे दार आणून बसवले तर?

क्वचितच जमते. हे ट्रेलर कारखान्यात बनत असले तरी दारे बरीचशी हाताने जुळवलेली असत आणि एकाच वर्षाच्या, एकाच नमुन्याच्या दोन ट्रेलरची दारेही मापाला काही मिलिमीटरने वेगळी निघतात. लाकडी दाराच्या बाबतीत परके दार कापून-जोडून बसवण्यात जेवढे श्रम जातात, तेवढ्यात मूळ दार नव्याने बांधून होते. गोलाकार दाराच्या बाबतीत परक्या दाराचा वक्र जुळवण्याचे काम तर मूळ दाराचा वक्र परत आणण्याहून कठीण आहे. अपघातात दाराचा चुरा झाला असेल तरच दुसरे दार शोधावे, आणि तेव्हाही त्यातली कुलूप, बिजागऱ्या, खिडकीची चौकट अशी सुटी सामग्रीच अधिक उपयोगी पडते.

जुना रंग खरवडताना कोणती काळजी घ्यावी?

अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या ट्रेलरवरच्या, विशेषतः नंतर कुणीतरी ब्रशने चढवलेल्या रंगात शिसे असू शकते, असे धरूनच काम करावे. शिसे ओळखण्याचे साधे चाचणी-संच मिळतात. चाचणी शिसे दाखवत असेल तर कोरडे घासू नये. पॉलिश पेपर ओला करून घासावे, सूक्ष्म कण अडवणारा श्वसन-मुखवटा वापरावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. जोराच्या उष्णतेने रंग जाळून काढल्यास शिशाची वाफ होते, म्हणून तोही मार्ग टाळावा.

लाकडी सांगाड्याचे दार खालून फुगले आहे आणि दाबले की पत्रा आत जातो. आत काय झाले असेल?

खालचा आडवा दांडा कुजला आहे. पाणी दारात बहुधा वरून शिरते. खिडकीच्या चौकटीभोवतीचे फटी बुजवणारे जुने सीलंट सुकून त्याला तडे गेले की पाणी पत्रा आणि लाकूड यांच्यामधून खाली उतरते. खालच्या कडेला त्याला बाहेर पडायला वाट नसल्याने ते तिथेच साचते. साधारण वीस टक्क्यांहून कमी ओलावा असलेले लाकूड सहसा कुजत नाही. दाराच्या तळाशी मात्र महिनोन्‌महिने त्याहून कितीतरी अधिक ओलावा राहतो.

दार उघडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कडेच्या ॲल्युमिनियम पट्टीतली प्लास्टिकची फीत ओढून काढावी, कारण स्क्रू तिच्याखाली लपलेले असतात. मग ती कडेची पट्टी सोडवावी. जुने सीलंट काळ्या, ठिसूळ डांबरासारखे झालेले असते. ते मंद आचेच्या हीटगनने किंचित मऊ करून प्लास्टिकच्या खरवडणीने उचलावे, पोलादी पातीने नव्हे. त्यानंतर कडेचे बारीक खिळे एकेक उपटून पत्रा एका टोकाकडून सावकाश उचलावा. हा पत्रा बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचाच असतो आणि एकदा घडी पडली की ती खूण कायमची राहते. त्यामुळे पत्रा उचलायला दोघे असावेत आणि तो सपाट फळीवर ठेवावा.

आतला देखावा धीर खचवणारा असतो. खालचा दांडा बोटांनी चुरला तर ओल्या भुशासारखा पडतो, उभ्या दांड्यांची टोके काळपट होऊन चिरफाळलेली असतात आणि स्क्रूच्या जागी फक्त गंजाची भोके उरलेली असतात. हा चुरा लगेच झाडून टाकू नये. कुजलेले तुकडे होते त्या क्रमाने फळीवर मांडून त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि मापे लिहून ठेवावीत. कुलपासाठी कोरलेली खाच नेमकी कुठे होती, हे सांगणारा तोच एकमेव पुरावा असतो.

कुजलेल्या भागाच्या पुढे निदान दहा-पंधरा सेंटिमीटर घट्ट लाकूड लागेपर्यंत कापावे. सुरीचे टोक खुपसून पाहावे. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुतते आणि बाहेर काढताना लाकूड ते धरून ठेवते. नवा तुकडा जोडताना टोकाला टोक लावू नये. दोन्ही लाकडे अर्ध्या जाडीपर्यंत कापून एकमेकांवर बसवावीत किंवा लांब तिरका काप घ्यावा, म्हणजे गोंदाला पकडायला रुंद जागा मिळते. खाच पटाशीने साफ करून सांधा कोरडाच बसवून पाहावा आणि गुण्या लावून खात्री झाल्यावरच गोंद लावावा.

लाकूड कठीण करणारे पातळ इपॉक्सी ओतून काम भागत नाही का?

कधी कधी भागते, पण त्याचा अति भरवसा धरला जातो. लाकूड पूर्ण वाळलेले असेल, कूज वरवरची असेल आणि त्या जागेवर भार येत नसेल तर ते उपयोगी आहे. बिजागरी किंवा कुलूप जिथे बसते तिथे मात्र कुजलेल्या लाकडावर इपॉक्सी ओतणे म्हणजे भुशाचा खडा करणे आहे. स्क्रू त्यात घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि काही प्रवासांनंतर खड्यासकट बाहेर येतो.

नवीन सांगाड्यासाठी कोणते लाकूड आणि कोणता गोंद घ्यावा?

लाकूड हलके, सरळ धाग्याचे, गाठी नसलेले आणि वाळलेले असावे. वजनाने जड लाकूड टिकाऊ असले तरी टाळावे, कारण त्याचा सगळा भार दोन-तीन लहान बिजागऱ्यांवर येतो. आतल्या बाजूला जलरोधक गोंदाचे तीन मिलिमीटरचे प्लायवूड पुरते. गोंद इपॉक्सी किंवा पूर्ण जलरोधक प्रकारचा असावा.

तांब्याचे क्षार भरून कीडरोधक केलेले लाकूड इथे वापरू नये. ओल लागली की त्यातले तांबे ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आतून खाऊ लागते आणि काही वर्षांत पत्र्यावर बारीक भोके दिसतात. साध्या लाकडाला, विशेषतः कापलेल्या टोकांना, दोन-तीन हात पातळ इपॉक्सी किंवा चांगले प्रायमर द्यावे. पाणी टोकांतूनच सर्वाधिक शोषले जाते.

आतल्या पोकळीत जुना लोकरीसारखा उष्णतारोधक थर असेल तर तो पाणी धरून ठेवतो. त्याऐवजी सांगाड्याच्या जाडीएवढ्या कडक फोमच्या तुकड्यांनी पोकळी भरावी. फोममुळे पत्र्याला मागून आधार मिळतो आणि दार हाताला भरीव लागते.

पत्र्यावरचे पोचे निघतात का?

रुंद आणि उथळ पोचे निघतात. टोकदार वस्तू लागून पडलेला खोल खळगा पूर्णपणे निघत नाही, कारण तिथे पत्रा ताणला जाऊन त्याचे क्षेत्रफळ वाढलेले असते. तो जोराने ठोकला की वाढलेला पत्रा कुठेतरी फुगतो आणि मग दाबले की ‘टक्‌’ वाजणारा, आत-बाहेर होणारा डबा तयार होतो.

पत्रा काढलेला असेल तर त्याची बाहेरची बाजू मऊ कापडावर पालथी ठेवावी आणि पोच्याच्या कडेकडून मध्याकडे, गोल फिरत, लाकडी मोगरीने हलके ठोके द्यावेत. दार जागेवर असेल तर मागून पोचता येत नाही. अशा वेळी आतले अस्तर काढून गुळगुळीत लाकडी ठोकळ्याने सावकाश दाब देणे हाच मार्ग उरतो. चिकटवून ओढण्याची साधने मोटारीच्या पोलादावर चालतात तशी या पातळ ॲल्युमिनियमवर चालत नाहीत.

पत्रा तापवून मऊ करण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. मऊ जातीच्या ॲल्युमिनियमवर जाणकार हाताने तो चालतो. परंतु रिव्हेटच्या ट्रेलरवर वापरल्या जाणाऱ्या २०२४ टी-३ यासारख्या, उष्णता-प्रक्रियेने कठीण केलेल्या मिश्रधातूला ज्योत दाखवली की त्याची ताकदच जाते. पत्रा कोणत्या जातीचा आहे हे माहीत नसेल तर ज्योत लावू नये.

दाराचा पत्रा फाटला आहे. नवा पत्रा बसवताना काय पाहावे?

चीर लहान असेल तर तिच्या टोकाला सुमारे तीन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही, आणि आतून ठिगळ लावावे. मोठी फाट असल्यास पूर्ण पत्रा बदलणे दिसायलाही बरे असते. जुना पत्रा हाच नव्याचा साचा असतो. तो नव्यावर ठेवून प्रत्येक भोक त्यातूनच पाडावे.

ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. १.८ मीटर उंचीच्या दाराचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की सुमारे दीड मिलिमीटर वाढतो, आतले लाकूड मात्र जवळजवळ तसेच राहते. त्यामुळे पत्रा सगळीकडे गोंदाने चिकटवून टाकू नये, आणि सांध्यांत कठीण लांबी (पुट्टी) भरून रंग दिल्यास पहिल्याच उन्हाळ्यात तिथे तडा दिसतो.

रिव्हेटच्या दारासाठी नियम ठरलेले आहेत. एक अष्टमांश इंचाच्या, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटरच्या भरीव रिव्हेटचे केंद्र पत्र्याच्या कडेपासून निदान दोन व्यास आत असावे. ठोकण्यापूर्वी रिव्हेटचा दांडा पत्र्याबाहेर दीड व्यास उरावा आणि ठोकल्यावर तयार झालेले डोके दीड व्यास रुंद व अर्धा व्यास उंच भरावे. ठोकण्याआधी पत्रा स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिनांनी एकाआड एक भोकात धरून ठेवावा, नाहीतर शेवटच्या भोकापर्यंत पोचताना पत्रा दोन मिलिमीटर सरकलेला असतो. या कामाला बाहेर हवेच्या दाबाची बंदूक धरणारा आणि आत पोलादी ठोकळा टेकवणारा अशी दोन माणसे लागतात. आतून हात पोचत नसेल तिथे ऑलिंपिक नावाचे रिव्हेट बाहेरूनच ओढून बसवावे आणि डोके तासून घ्यावे. नीट तासलेले डोके दोन हातांवरून भरीव रिव्हेटसारखेच दिसते. पोलादी दांड्याचे साधे पॉप रिव्हेट बाहेरच्या पत्र्यावर वापरू नयेत, कारण आत राहिलेला दांड्याचा तुकडा गंजतो आणि दारावर तांबूस ओघळ उतरतात.

गोलाकार दार प्रवासात उघडून आपटले. आता ते वरून आणि खालून चौकटीबाहेर राहते, मध्ये मात्र टेकते. हे दुरुस्त होते का?

होते. हा प्रश्न सर्वाधिक गैरसमजांचा आहे. अनेक जण दार बाहेर काढून गुडघ्यावर किंवा दोन ठोकळ्यांमध्ये दाबून वाकवायचा प्रयत्न करतात. दार क्षणभर वाकते, सोडले की पूर्वीसारखे होते, आणि अधिक जोर केला तर बाहेरच्या पत्र्याला कुलपाजवळ कायमची घडी पडते.

दाराचा वक्र एकट्या सांगाड्यामुळे टिकत नाही. बाहेरचा पत्रा, सांगाडा आणि आतला पत्रा असे तीन थर एकमेकांना रिव्हेटने जखडल्यामुळे तो टिकतो. दार जोरात आपटून सरळ झाले की आतल्या पत्र्याच्या कडेचे रिव्हेट किंचित कापले जातात, भोके लांबट होतात आणि दार नव्या, चुकीच्या वक्रावर जखडले जाते. म्हणून आधी हे जखडणे सोडवावे लागते.

पद्धत अशी आहे. आतल्या पत्र्याचे कडेचे रिव्हेट गिरमिटाने काढून तो पूर्ण सुटा करावा. दार मग आश्चर्य वाटेल इतके लवचीक होते. त्याच्या आतल्या बाजूने, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, सामान बांधण्याचा रॅचेटचा पट्टा ताणावा आणि पट्टा व दार यांच्यामध्ये मध्यभागी लाकडी ठोकळा ठेवावा. दोन्ही टोकांना पट्ट्याखाली लाकडाचे तुकडे द्यावेत, नाहीतर कडा चेपतात. आता रॅचेट एकेक दाता आवळत, भिंतीच्या वक्रावरून कापलेला पुठ्ठ्याचा साचा प्रत्येक वेळी लावून पाहावे. दार साच्याच्या किंचित पुढे, दोन-तीन मिलिमीटर अधिक वाकवावे, कारण पट्टा काढल्यावर ते थोडे परत येते. मग पट्टा तसाच ताणलेला ठेवून आतला पत्रा बसवावा. जुनी भोके आता जुळणार नाहीत, आणि ती न जुळणे हेच काम बरोबर चालल्याचे चिन्ह आहे. जुन्या भोकांच्या मध्ये नवी भोके पाडावीत आणि मध्यापासून दोन्ही टोकांकडे रिव्हेट मारत जावे. पत्रा बसत असताना पट्टा मध्ये येतो, म्हणून तो दाराच्या कडेने दोन बाजूंना दोन असा लावणे सोयीचे पडते.

सगळे रिव्हेट बसल्यावर पट्टा सोडावा आणि साचा लावावा. पहिल्याच खेपेला तंतोतंत जुळले नाही तर निराश होण्याचे कारण नाही. वरच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरची तफावत रबरी पट्टी सहज सामावून घेते.

बिजागऱ्या सैल झाल्या आहेत. स्क्रू फिरत राहतात आणि आवळत नाहीत.

लाकडी चौकटीत अधिक जाड स्क्रू घालणे हा तात्पुरता उपाय आहे. भोक मोठे करून त्यात गोंद लावलेली कठीण लाकडाची गुट्टी ठोकावी, ती वाळल्यावर सपाट कापावी आणि नव्याने बारीक भोक पाडून मूळ मापाचाच स्क्रू बसवावा. स्क्रू गंजरोधक पोलादाचे असावेत आणि त्यांच्या खाली थोडे सीलंट द्यावे, म्हणजे ॲल्युमिनियमशी थेट संपर्क व पाणी दोन्ही टळते. ओतीव ॲल्युमिनियमच्या बिजागरीचे भोक लंबगोल झाले असेल तर ते गोल वाढवून त्यात नायलॉनची बारीक नळी बसवावी. तिन्ही बिजागऱ्यांचा अक्ष एका रेषेत आहे हे ताणलेल्या दोऱ्याने पाहावे. एक जरी बाहेर असली तरी दार उघडताना कुरकुरते आणि दुसरीचे भोक झिजवते.

मूळ कुलूप जपावे की नवे बसवावे?

शक्यतो जपावे. पन्नास-साठच्या दशकांतील पुष्कळ ट्रेलरवर बार्गमन कंपनीची एल-६६ सारखी कुलपे आढळतात. ती उघडून साफ करता येतात आणि कुलूपवाला जुन्या नळीसाठी नवी किल्लीही करून देऊ शकतो. आतला बराचसा भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो आणि तो वयाने ठिसूळ होतो, त्यामुळे अडकलेली मूठ पान्याने पिळू नये. कुलूप एक-दोन दिवस भेदक तेलात बुडवून ठेवावे, नंतर दातांच्या ब्रशने जुने घट्ट झालेले ग्रीस काढावे आणि किल्लीच्या नळीत फक्त ग्रॅफाइटची कोरडी पूड घालावी. तेल घातल्यास धूळ चिकटून पुन्हा तोच चिखल होतो.

कुलूप लागत नसेल तर आधी जीभ चौकटीच्या पट्टीवर नेमकी कुठे टेकते ते पाहावे. जिभेला खडू किंवा लिपस्टिक लावून दार हलके बंद केले की पट्टीवर ठसा उमटतो. पट्टी दोन मिलिमीटर वर-खाली सरकवल्याने सुटणाऱ्या तक्रारीसाठी आख्खे कुलूप फेकून दिलेले मी पाहिले आहे.

रबरी पट्टी आणि सीलंट कोणते वापरावे?

हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. दाराभोवतीची रबरी पट्टी दाबली जाऊन परत फुलली पाहिजे, म्हणून ती पोकळ किंवा मऊ स्पंजाची असावी. जुनी पट्टी काढताना तिची न झिजलेली जाडी बिजागरीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात मोजावी, कारण तिथे ती सर्वांत कमी दबलेली असते. नवी पट्टी गरजेपेक्षा जाड घेण्याचा मोह होतो. अशा पट्टीने दार लावताना खांदा द्यावा लागतो आणि बिजागऱ्या काही महिन्यांतच वाकतात. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सगळीकडे ती थोड्या अडखळीने निघाली म्हणजे दाब बरोबर आहे. पट्टीचा जोड खालच्या कडेला मध्यभागी आणावा आणि तिथे थोडी फट पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवावी.

पत्रा, कडेची पट्टी आणि खिडकीची चौकट यांच्याखाली ब्युटिल रबराची चिकट फीत वापरावी. ती वर्षानुवर्षे मऊ राहते, पत्र्याच्या प्रसरणाबरोबर ताणली जाते आणि पुढे कधी उघडायची वेळ आली तर निघते. स्क्रू आवळल्यावर ती कडेने बाहेर येते. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा अर्धा फेरा आवळून मग जास्तीची फीत कापावी. बाहेरच्या उघड्या सांध्यांवर पॉलियुरेथेनचे सीलंट चांगले. सिलिकॉन मात्र या ट्रेलरच्या बाहेर कुठेही लावू नये. ते काढले तरी त्याचा न दिसणारा थर मागे उरतो आणि त्यावर नंतर ना रंग बसतो, ना दुसरे सीलंट. जुन्या ट्रेलरवर गळतीपेक्षा गळती थांबवण्यासाठी थापलेल्या सिलिकॉननेच माझे अधिक तास खाल्ले आहेत.

दारातली खिडकी तडकली आहे. कोणती काच घ्यावी?

फुटल्यावर सुऱ्यांसारखे तुकडे होणारी साधी काच दारात नको. कडक केलेली सुरक्षा-काच घ्यायची असल्यास माप आणि कोपऱ्यांची गोलाई आधीच द्यावी लागते, कारण ती नंतर कापता येत नाही. तीन मिलिमीटरचे पॉलिकार्बोनेट हलके आणि न फुटणारे असते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. कोणतेही प्लास्टिक बसवताना चौकटीत चारही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी.

जाळीचे आतले दार मुख्य दाराला अडकत नाही. ते आवश्यक आहे का?

अनेक ट्रेलरमध्ये जाळीचे दार मुख्य दारात बसते आणि एका लहान चापाने त्याला जोडलेले राहते. मुख्य दाराचा वक्र बदलला की जाळीचे दार आपोआप बेढब वाटू लागते. त्यामुळे ते सर्वांत शेवटी जुळवावे. त्याची पातळ चौकट हाताने वाकवता येते.

बाहेरून रंग द्यावा की पॉलिश करावे?

ज्या दारावर मूळचा रंग होता तिथे रंगच द्यावा. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर टिकत नाही. पत्रा चरबीमुक्त करून, बारीक पेपरने घासून, त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीचा आम्लयुक्त प्रायमर मारावा. पॉलिश केलेल्या ट्रेलरवर दुरुस्त केलेले दार काही काळ शेजारच्या भिंतीहून वेगळे चमकते, त्याला इलाज नाही.

दार प्रवासात पुन्हा उघडू नये म्हणून काय करावे?

बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतील तर वारा दाराला बंदच करतो. काही जुन्या ट्रेलरमध्ये त्या मागच्या बाजूला असतात आणि जीभ सुटली की वारा दार उपसून काढतो. अशा दाराला कुलपाखेरीज आतून किंवा बाहेरून एक स्वतंत्र कडी हवीच. मूळ रूप बिघडू नये असे वाटत असेल तर ती आतल्या बाजूला, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवावी आणि निघण्यापूर्वी खिडकीतून हात घालून लावता येईल अशी ठेवावी. दुरुस्तीनंतर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून जीभ, कडी आणि बिजागऱ्यांचे स्क्रू हाताने तपासावेत. नवे लाकूड आणि नवी फीत तेवढ्या हादऱ्यांनी बसलेली असते, आणि स्क्रू बहुधा पाव फेरा घेतात.